भाऊकाकांचं लास व्हेगास

अमेरिकेचा व्हिसा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मिळतो. लास व्हेगासला जायची परवानगी मात्र कोथरूडला, आमच्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर, भाऊकाकांकडून घ्यावी लागते. तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला चाललात, मुलाच्या पदवीदानाला चाललात, की कंपनीनं पाठवलंय, याच्याशी काकांना कर्तव्य नसतं. जिन्यात कुणी 'कॅलिफोर्निया' एवढं म्हटलं की वरचं दार उघडतं. "म्हणजे व्हेगासला जाणारच. संध्याकाळी ये. वही घेऊन ये."

वही नेली नाही तर पाठकोरे कागद मिळतात. ते काकांकडे भरपूर आहेत, कारण काका बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि कागदाची एकच बाजू वापरून तो टाकणाऱ्या माणसाला ते मनातल्या मनात कर्ज नाकारतात.

व्हेगासला ते आयुष्यात एकदाच गेले. सॅन होजेहून, जावयाच्या गाडीतून, तीन रात्रींसाठी. सोबत काकू, लेक, जावई, आणि दशम्यांचा डबा. त्या तीन रात्रींत त्यांनी जे पाहिलं, मोजलं आणि विचारून घेतलं, त्यावर सोसायटीतल्या तीन पिढ्यांचं प्रबोधन अजून चालू आहे.

सुरुवात कधी बदलत नाही. चहाचा पहिला घोट, कपाचा बशीवर आवाज, आणि मग, "पहिली गोष्ट. तुम्ही ज्याला लास व्हेगास म्हणता, ते लास व्हेगास नाहीच."

इथे ते थांबतात. समोरच्यानं "म्हणजे?" असं विचारायचं असतं. माहीत असलं तरी विचारायचं असतं.

मग कळतं की ती दिव्यांची, मोठमोठ्या कॅसिनोंची स्ट्रिप मुळात लास व्हेगास शहराच्या हद्दीत येतच नाही. ती पॅराडाइज नावाच्या वस्तीत येते, कारभार क्लार्क काउंटीचा. इतकंच काय, 1959 साली उभारलेली, सगळे जिच्याखाली फोटो काढतात ती 'लास व्हेगासमध्ये स्वागत' असं म्हणणारी पाटीसुद्धा हद्दीबाहेरच आहे. हे सांगताना काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरतो तो लाखाचा जॅकपॉट लागलेल्या माणसाच्याही चेहऱ्यावर नसेल. सदाशिव पेठेत वाढलेला हा माणूस. कोथरूडला येऊन चाळीस वर्षं होत आली तरी लक्ष्मी रोडला निघाले की "जरा पुण्यात जाऊन येतो" म्हणतात. हद्दीबाहेर राहून शहराचं नाव लावणारं दुसरं गाव जगात आहे, याचा त्यांना केवढा तरी आधार वाटतो.

मग नकाशा येतो. स्वतः काढलेला, झेरॉक्सच्या प्रती तयार. "हे बेलाजिओ. याला डेक्कन धर. समोर आयफेल टॉवर, अस्सलच्या निम्म्या उंचीचा. असं वर गेलास की डाव्या हाताला सीझरचा महाल, पुढे उजव्या हाताला व्हेनिस. आत कालवा, वर रंगवलेलं आभाळ, खाली होडी. होडीत बसायचं नाही, पुलावरून बघायचं. होडीवाला गातो, ते पुलावर जास्त चांगलं ऐकू येतं." अंतरांबद्दल काकांची ताकीद कडक असते. समोर दिसणारं हॉटेल चालायला लागलं की वीस मिनिटं येत नाही. "वापरलेले बूट घाल. नवे बूट घालून व्हेगासला जाणारा आणि नवी चप्पल घालून विसर्जन मिरवणुकीला जाणारा, दोघंही अलका चौकात रडतात."

व्हेगासमध्ये अलका चौक कुठे, हे विचारायची हिंमत अजून कुणाला झालेली नाही.

पुढचं सगळं घाईघाईनं लिहून घ्यावं लागतं. वाळवंटी हवा, घोळणा फुटतो, तेव्हा रात्री नाकात तुपाचं बोट फिरवायचं. बाहेर उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश आणि आत कोल्ड स्टोरेज, म्हणून शाल हातात. कॅसिनोत भिंतीवर घड्याळ नसतं, खिडकी नसते, तेव्हा मनगटावर घड्याळ हवं. मोबाइलवर वेळ बघणारा माणूस आणखी दहा गोष्टी बघतो. एकवीसच्या आतल्या पोरांना खेळाच्या टेबलापाशी रेंगाळू देत नाहीत. आणि खोलीच्या भाड्यावर 'रिसॉर्ट फी' म्हणून रोजचे चाळीस-पन्नास डॉलर वेगळे लावतात, ते आरक्षण करतानाच बघायचे.

ही रिसॉर्ट फी काकांची दुखरी नस आहे. "कशाची फी? रिसॉर्टचं भाडं घेतलं ना? मग फी रिसॉर्ट असल्याबद्दल?" त्यांच्या हिशेबाच्या वहीत सगळी रक्कम कुठल्या ना कुठल्या सदरात बसली आहे. ही अजून उचंत खात्यात आहे.

दुसरा घाव मिनीबारचा. हॉटेलचं नाव ते सौजन्यानं घेत नाहीत. खोलीतल्या फ्रिजमधली वस्तू नुसती उचलली तरी बिलात चढते अशी तिथे यंत्रणा असते. काकूंनी दह्याचा डबा ठेवायला जागा हवी म्हणून सगळ्या बाटल्या, चॉकलेटं बाहेर काढून टेबलावर ओळीनं लावून ठेवली. सकाळी बिल आलं ते बघून जावई खाली बसला. काका खाली गेले. पाऊण तासानं वर आले तेव्हा सगळी रक्कम कमी झालेली होती आणि काउंटरवरच्या मुलीनं काकांना 'सर' म्हणत दोन पाण्याच्या बाटल्या दिल्या होत्या. तपासणी खात्यातला माणूस समोर उभा आहे, हे तिनं इंग्रजीशिवायही ओळखलं असावं.

आता जुगार. इथे मात्र काका गमतीचे राहत नाहीत, आणि खरं सांगायचं तर इतकं स्वच्छ मला कुणी समजावून दिलेलं नाही. "हिशेब साधा आहे. रुलेटच्या चाकाला घरं अडतीस. छत्तीस आकडे, एक शून्य, एक डबल शून्य. तुझा आकडा आला तर पैसे देतात पस्तीसपट. म्हणजे शंभर लावलेस की सरासरी सव्वापाच त्यांचे. तू जिंकलास तरी त्यांचे, हरलास तरी त्यांचे. युरोपी चाकाला शून्य एकच, तिथे पावणेतीनच्या आतबाहेर. आणि आता स्ट्रिपवर काही टेबलांना तीन शून्यं आली आहेत! तिथे साडेसातच्या वर जातात. अरे, मी बँकेत एक शून्य वाढवलं असतं तर आत गेलो असतो. हे वाढवतात आणि वर फुकट दारू पाजतात." ब्लॅकजॅकच्या टेबलावर काय छापलंय तेही वाचायला लावतात. तीनास दोन असेल तर दहा डॉलरच्या ब्लॅकजॅकला पंधरा मिळतात, सहास पाच असेल तर बारा. "टेबल तेच, हिरवं कापड तेच, बाई तीच हसते. तीन डॉलर गेले कुठे?"

तुम्हाला वाटेल, एवढं समजणारा माणूस तिथे हात बांधून बसला असेल. छे. काका खेळले, फक्त त्यांचा खेळ निराळा. कॅसिनोवाले माणसाला आत ओढण्यासाठी जे जे फुकट ठेवतात, ते सगळं घ्यायचं आणि आत एक दमडी ठेवायची नाही. बेलाजिओची कारंजी संध्याकाळनंतर दर पंधरा मिनिटांनी नाचतात. काकांनी ती पाच वेळा पाहिली. आतली फुलांची बाग पाहिली. फ्लेमिंगोमधले खरेखुरे फ्लेमिंगो पाहिले. मिराजचा ज्वालामुखी पाहिला. 2024 साली ते हॉटेल बंद झालं तेव्हा काकांनी "गेला बिचारा" म्हणून दोन मिनिटं मौन पाळलं, आणि वहीत त्या ओळीपुढे 'आता नाही' असं लाल शाईनं लिहिलं. नवा गोल स्फिअर त्यांनी पाहिलेला नाही, पण "तो बाहेरूनच बघायचा असतो" हे मत इथे बसून तयार आहे.

या सगळ्याचा जमाखर्च आहे. कारंजी : पाच खेळ, माणसं चार, तिकीट असतं तर वीस डॉलर धरू, म्हणजे चारशे जमा. बाग, पक्षी, ज्वालामुखी वगैरे निराळे जमा. नावे बाजूला एकच लाजिरवाणी नोंद, 'संत्र्याचा रस, 1 डॉलर (जावयाच्या आग्रहाने)'. खेळणाऱ्याला पेय फुकट मिळतं असं कळल्यावर काकांनी एका मशीनमध्ये एक डॉलर घातला आणि बटण न दाबता बसून राहिले. बरीच वाट बघितल्यावर बाई आली, रस आला, जावयानं डोळे वटारले म्हणून तिला टीप द्यावी लागली. मग मशीनमधला डॉलर पावतीरूपात बाहेर काढून दुसऱ्या यंत्रातून रोख वसूल केला. शेवटची ओळ दोन रेघांमध्ये : निव्वळ नफा 611 डॉलर.

"व्हेगासमधून जिंकून आलेला माणूस पाहिलायस का? मग बघ," असं म्हणून ते चष्मा काढतात.

वहीतलं त्यांचं आवडतं पान मात्र कॅसिनोचं नाहीच, हूवर धरणाचं आहे. 221 मीटर उंच, आणि बांधकाम सुरू झालं 1931 साली, ज्या वर्षी नेवाडानं जुगार कायदेशीर केला. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा काका शाळेत होते. वाड्यात पाणी कुठवर आलं होतं ती खूण त्यांनी पुढे वाडा पडेपर्यंत पुसू दिली नाही. त्यामुळे हूवरच्या कठड्यावर हात ठेवून ते बराच वेळ गप्प उभे होते, असं लेक सांगते. मग म्हणाले, "देखभाल चांगली आहे."

गोव्याचा सल्ला आखूड असतो. मांडवीवरच्या बोटींबद्दल कुणी विचारलं की काका एकच सांगतात. "2020 पासून खुद्द गोवेकरांना तिथे खेळू देत नाहीत. आपल्याला देतात. यातच काय ते समज." मग आठवण करून देतात की महाराष्ट्रानंही 1976 साली कॅसिनोचा कायदा केला होता; तो कधी अमलात आला नाही आणि 2023 साली रद्द झाला. "सत्तेचाळीस वर्षं फाइल नुसती पडून. याला म्हणतात शासन!" हे ते कौतुकानं म्हणतात.

तरी आमच्याच बिल्डिंगमधला, हिंजवडीला जाणारा एक मुलगा ऑफिसच्या टोळक्याबरोबर पणजीला गेला आणि त्या बोटीवर दीड पगार घालवून आला. घरी सांगायची सोय नव्हती. काकांनी त्याला घरभाड्यापुरते पैसे दिले, व्याज न लावता. अट एकच, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हप्ता स्वतः आणून द्यायचा आणि उपमा खाऊन जायचं. रुलेटच्या चाकाबद्दल त्या काळात त्यांनी त्याच्यापुढे अवाक्षर काढलं नाही. हप्ते फिटले, तरी तो मुलगा अजून उपम्याला येतो.

हाच माणूस दिवाळीत रमीला बसला की पॉइंटला पाच पैसे दरानं खेळतो, आणि दोन रुपये तीस पैशांवरून सख्ख्या मेहुण्याशी भाऊबीजेपर्यंत बोलत नाही.

एकदा सल्ला घेतलात की सुटका नाही. तिसऱ्या मजल्यावरचं नवं जोडपं लग्नानंतर अमेरिकेला गेलं. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे. काका रात्री नऊला जेवून हात पुसले की व्हॉट्सॲपवरून फोन लावायचे. तिकडे सकाळचे साडेआठ. "उठलात का? कारंजं झालं? किती वेळा? दोनदाच? अजून तीन राहिली." बफेच्या बाबतीतही तेच. पावाच्या तुकड्याला हात लावायचा नाही, आधी एक रिकामी फेरी मारून सगळं बघून यायचं, वेळेची मर्यादा विचारून घ्यायची, आणि आदल्या रात्री दूधभात. परत आल्यावर त्या मुलीनं मला सांगितलं, "दादा, हनिमूनला आम्ही तिघं होतो." पण काकांच्या नकाशाची प्रत तिनं मैत्रिणीला पाठवली होती.

यंदा मलाही ऑफिसच्या परिषदेसाठी व्हेगासला जायचं होतं. मी जिन्यात एक शब्द बोललो नव्हतो, तरी बोलावणं आलं. सगळं ऐकलं, लिहून घेतलं, "म्हणजे?" योग्य जागी विचारलं. काका नकाशाची ताजी प्रत आणायला आत गेले, तशा काकू स्वयंपाकघरातून लगबगीनं आल्या. पदराआडून घडी केलेली वीस डॉलरची नोट काढून माझ्या हातात कोंबली.

"हे कारंजी बघत होते ना, पाचव्यांदा? तेव्हा मी पाय दुखतात म्हणून आत बसले होते. तिथे एक म्हशीचं मशीन आहे. बफेलो. ओरडतंसुद्धा मेलं. लेकीनं दिलेल्या वीसचे शेहेचाळीस झाले होते माझे. एवढे माझ्या नावानं लाव."

"आणि हरले तर?"

"हरले तर हरले. यांच्या वहीत कुठे आहेत ते?" आतून कपाट लागल्याचा आवाज आला तशा त्या आणखी जवळ सरकल्या. "आणि हे बघ, यांच्या नकाशानं जाऊ नकोस. त्या रस्त्यानं म्हैस लागत नाही."