सल्ल्याचं जॉबवर्क

दहावी-बारावीचे निकाल लागले की निगडी-प्राधिकरणात घरोघरी एकच विषय निघतो: पोराला कशाला घालायचं? मेकॅनिकल केलेल्या बापाला कॉम्प्युटर हवं असतं. कॉम्प्युटर केलेल्या मामाला हिंजवडीतल्या नोकरकपातीनं झोप येत नसते. आणि टेल्कोत हयात घालवलेले आजोबा कोपऱ्यातून सांगत असतात, 'आयटीआय करा, अप्रेंटिस लावा, कायम होऊ द्या.' कायम होण्याची गोष्ट नातवंडं हल्ली राजाराणीच्या गोष्टीइतक्याच आवडीनं ऐकतात, आणि तितकाच विश्वास ठेवतात.

अशा सगळ्या पालकांसाठी आमच्याकडे एक ट्रेड आहे. पोराला अर्थतज्ज्ञ करा. बजेटच्या दिवशी टीव्हीवर ओरडणारा नव्हे, संस्थेत बसून सरकारला सल्ला देणारा. या ट्रेडला मंदी नाही, ले-ऑफ नाही, तिसरी पाळी नाही. गाडी खपली नाही तर चाकणची लाइन थांबते. सल्ला खपला नाही तर नवी समिती नेमतात, आणि तिच्यावर बहुधा तुम्हीच असता.

धंद्याचं स्वरूप भोसरीकरांना समजावून सांगायची गरज नाही. हे सरळ जॉबवर्क आहे. मोठी कंपनी ड्रॉइंग पाठवते, शॉपवाला त्याबरहुकूम माल काढून देतो. ड्रॉइंगमध्ये भोक चुकीच्या जागी दाखवलं असेल तर ते चुकीच्याच जागी पाडायचं, कारण खाली सही साहेबांची असते. सरकारी ड्रॉइंगला 'कार्यकक्षा' म्हणतात. कार्यकक्षेत जे नाही ते जगात नाही. समिती नेमल्याचा शासन निर्णय ही पर्चेस ऑर्डर, आणि मुदतवाढ ही डिलिव्हरीची तारीख.

फरक एवढाच की भोसरीत लॉट रिजेक्ट झाला तर माल परत येतो, सोबत कारण लिहून येतं, वर डेबिट नोटही येते. अहवाल कधीच रिजेक्ट होत नाही. तो 'तत्त्वतः मान्य' होतो. तत्त्वतः मान्य झालेला पार्ट कुठल्याच मशिनला लागत नाही, तो स्टोअरला जमा होतो. काही वर्षांनी तोच पार्ट बनवायची नवी ऑर्डर निघते, आणि ती घ्यायला जाताना जुना पार्ट बघायचा नसतो, ही या धंद्यातली सभ्यता.

ट्रेडचा इतिहास शिकवताना एका माणसाचं नाव मात्र आम्ही पोरांपासून शक्यतो लपवून ठेवतो. ते म्हणजे धनंजयराव गाडगीळ. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली, तिचे ते पहिले संचालक. इथपर्यंत ठीक होतं. पण हा गृहस्थ सल्ला देऊन घरी यायचं सोडून थेट प्रवरा खोऱ्यात लोणीला गेला, विठ्ठलराव विखे पाटलांसोबत शेतकऱ्यांच्या सहकारी साखर कारखान्याच्या मागे लागला आणि त्याचा पहिला अध्यक्ष होऊन बसला. सहकाराची शिफारस करायची आणि वर त्याच सहकाराच्या ताळेबंदावर सही करायची! असं सगळे करू लागले तर शिफारशींचं उत्पादन किती घटेल, याचा विचारच त्यांनी केला नाही.

पुढे १९६७ साली ते योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत कुणाच्या किती ओळखी यावर मिळू नये, म्हणून १९६९ साली त्यांनी सूत्र बांधून दिलं. ६० टक्के लोकसंख्येला, आणि उरलेल्यातले दहा-दहा टक्के दरडोई उत्पन्न, करवसुली, चालू पाटबंधारे व वीजप्रकल्प आणि राज्याचे खास प्रश्न यांना. एवढं लखलखीत ड्रॉइंग गिऱ्हाइकाला सोसत नाही. सूत्राची आधी डागडुजी झाली, मग त्याला दुसऱ्याचं नाव जोडलं गेलं, आणि १ जानेवारी २०१५ला योजना आयोगाच्याच जागी नीती आयोग आला. कंपनी मोडीत निघाली आणि तिच्यासोबत पार्टही. गाडगीळ हे पाहायला नव्हते. पद सोडल्यावर १९७१ सालीच ते गेले.

ट्रेडमधला दुसरा धडा: माल सरकारचा, शिव्या तुमच्या. सुरेश तेंडुलकरांच्या समितीनं २००९ साली दारिद्र्यरेषा नव्यानं आखली. आधीच्या मोजणीत २००४-०५ साली देशात २७.५ टक्के लोक गरीब निघत होते, तेंडुलकरांच्या गेजनं ते ३७.२ टक्के निघाले. म्हणजे सरकारला जे गरीब दिसत नव्हते ते या माणसानं शोधून दिले. त्यांच्याच रेषेत महागाई मिळवून सप्टेंबर २०११मध्ये योजना आयोगानं सर्वोच्च न्यायालयात शपथपत्र घातलं: शहरात दिवसाला ३२ रुपये, खेड्यात २६ रुपये खर्चणारा गरीब नाही. देश खवळला आणि गरीब दडवल्याचा ठपका आला तो गरीब शोधणाऱ्यावर. तेंडुलकर तीन महिन्यांपूर्वीच पुण्यात वारले होते, त्यामुळे खुलासा करायला कुणी नव्हतं. सरकारच्या दृष्टीनं सल्लागाराची ही सर्वांत सोयीची अवस्था.

त्या शपथपत्राची खरी गंमत आमच्या पट्ट्यालाच कळली. मोशी महापालिकेत, म्हणजे शहर. इंद्रायणीचा पूल ओलांडला की चिंबळी, म्हणजे खेडं. दिवसाला तीस रुपये खर्चणारा माणूस मोशीत गरीब होता, पूल ओलांडून पलीकडे उतरला की गरीब नव्हता. दारिद्र्य निर्मूलनाचा इतका स्वस्त मार्ग जगात दुसरा नसेल. फक्त पुलावरची कोंडी तेवढी फुटायला हवी. पुढे २०१४ साली रंगराजन समितीनं हेच आकडे ४७ आणि ३२ केले. कुणाच्याही ताटात काही पडलं नाही, कुणाच्या ताटातून काही गेलंही नाही. तरी मधल्या काळात कोट्यवधी लोक गरीब झाले.

तिसरा धडा: धीर धरा. विजय केळकर पुण्याचेच. २००४ साली त्यांच्या कृती गटानं देशभर एकच वस्तू व सेवा कर लावा असं सुचवलं. ते अध्यक्ष असलेल्या तेराव्या वित्त आयोगानं दरही एकच ठेवा म्हटलं. सुटसुटीत ड्रॉइंग, एक भोक, एक बोल्ट. १ जुलै २०१७ला गिऱ्हाइकानं माल बाजारात आणला तेव्हा त्यात ५, १२, १८ आणि २८ अशी चार भोकं होती आणि वर अधिभाराचा वॉशर. चाकणच्या लाइनवरून उतरणाऱ्या गाडीला हा वॉशर लांबी आणि इंजिन बघून बसायचा. २२ सप्टेंबर २०२५ला बहुतेक वस्तू ५ आणि १८च्या दोन दरांत आणल्या, लहान गाड्या १८वर आल्या, आणि एकवीस वर्षांनी माल ड्रॉइंगच्या थोडा जवळ सरकला. भोसरीत एवढ्या उशिरा पार्ट फिट झाला असता तर शॉपवाल्याचा नातू बिल मागायला गेला असता.

या सल्ल्याचं बिल कुणाला लागलं, ते पिंपरी-चिंचवड महापालिकेला विचारा. १९८२ साली झालेली ही महापालिका स्वतःला आशियातली सर्वांत श्रीमंत म्हणवून घ्यायची ती जकातीच्या जिवावर. कारखान्यात येणाऱ्या पत्र्यावर, रबरावर, रंगावर जकात. नाक्यावर ट्रकांची रांग आणि रांगेच्या टोकाला आमची श्रीमंती. जकात हा वाईट कर, माल अडवतो, डिझेल जाळतो, हे अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत होते आणि ते खरंही होतं. म्हणून १ एप्रिल २०१३ला जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली. मग १ ऑगस्ट २०१५ला ५० कोटींच्या आतल्या उलाढालीवरचा एलबीटी गेला, आणि उरलेला जीएसटीनं गिळला. आता श्रीमंत महापालिका दरमहा राज्याच्या अनुदानाची वाट पाहते. ट्रकांची रांग मात्र सल्ला ऐकून उठली नाही. ती जकात नाक्यावरून चाकणच्या तळेगाव चौकात राहायला गेली.

आता मुख्य विषयाकडे. ट्रेडमध्ये कायमस्वरूपी ऑर्डर हवी असेल तर 'अनुशेष' घ्या. १९८३ साली वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली. दांडेकर म्हणजे निळकंठ रथांसोबत १९७१ साली देशाच्या दारिद्र्याचा हिशेब मांडणारे, त्यामुळे कामात कसर नव्हती. नऊ क्षेत्रं घेतली, प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे ते मोजलं आणि १९८४ साली आकडा दिला: ३,१८६ कोटी रुपये. एवढे खर्चा, मागे पडलेले जिल्हे सरासरीला येतील. सरकारनं अभ्यास केला. १९९७ साली निर्देशांक व अनुशेष समितीनं पुन्हा मोजलं तेव्हा अनुशेष १४ हजार कोटींच्या आसपास होता. २०११ साली पुन्हा केळकरांचीच समिती, २०१३ साली अहवाल, २०१४च्या डिसेंबरात तो सभागृहापुढे. ज्या विकास मंडळांनी या सगळ्यावर लक्ष ठेवायचं त्यांची मुदत ३० एप्रिल २०२०ला संपली. अनुशेषाला मुदत नसल्यामुळे तो चालू राहिला.

कारखाने मागास भागात जावेत म्हणून १९६४पासून राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. बजाज वाळूजला गेलं, हे मान्य. बाकी बहुतेकांनी सवलतींचा तक्ता लक्षपूर्वक वाचला, नकाशा त्याहून लक्षपूर्वक पाहिला आणि ते चाकणला आले. मर्सिडीज आली, फोक्सवॅगन आली, महिंद्रा आली. त्यांच्या मागोमाग अनुशेषही आला. कुठल्याही अहवालाची वाट न पाहता, रात्रीच्या एसटीनं, लातूरहून, बीडहून, बुलढाण्याहून, यवतमाळहून. खराबवाडीत, महाळुंग्यात, निघोज्यात एकेका खोलीत चार-पाच जण. पाळीनुसार कॉट बदलते, गादी तीच. कागदावर कधी अप्रेंटिस, कधी ट्रेनी, कधी ठेकेदाराचा माणूस, आणि ब्रेक देऊन पुन्हा नवा. नऊ क्षेत्रांत जे मोजत होते ते इथे बारा तासांची पाळी करतं. त्याला भेटायला कुठल्या समितीचा दौरा आला तर चौकात कोंडीत अडकून परत जातो.

यात अर्थशास्त्राचं एक सौंदर्य आहे, ते पोरांनी पाठ करावं. जिल्ह्याचं उत्पन्न माल जिथं तयार होतो तिथं धरतात. लातूरच्या पोरानं चाकणात बंपर बसवला की त्याच्या कष्टाचं मोल पुणे जिल्ह्याच्या खात्यात पडतं. तो घरी पाठवतो ते तीन-चार हजार लातूरच्या उत्पन्नात दिसत नाहीत. पुणे वर गेलं की राज्याची सरासरी वर जाते. सरासरी वर गेली की तिच्यापासूनचं लातूरचं अंतर वाढतं. म्हणजे हा पोरगा जितकं जास्त काम करील तितका त्याचा स्वतःचा जिल्हा मागास ठरेल, आणि ओव्हरटाइम केला तर लवकर ठरेल.

सध्या राज्यात एक ट्रिलियन डॉलरच्या अर्थव्यवस्थेचं ड्रॉइंग फिरत आहे. त्यावर किती शून्यं हे मोजायलाही तज्ज्ञ लागतील. ते झालं की सरासरी वाढल्याबद्दल पुण्यात सत्कार होईल आणि अंतर वाढल्याबद्दल लातूरला समिती बसेल. दोन्हीकडे प्रमुख पाहुणे तेच असतील आणि प्रवासभत्ता दोन्हीकडून मिळेल.