अण्णा आणि त्यांचे ग्रुप

नवा मुलगा रुजू झाला की आपण विचारतो, गाव कुठलं? आमचे अण्णा टर्मिनलवर त्याची ‘आयडी’ कमांड मारतात आणि आलेली ओळ पत्रिकेसारखी वाचतात. "सेल्स, नागपूर, वाचण्यापुरता. बरं, बसा."

लिनक्सवर ज्याचा जो ग्रुप, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये त्याचा तोच रोल, हा अण्णांच्या घराचा नियम. त्यांची स्क्रिप्ट रात्री दोनला क्रॉनवर उठते आणि दोन्हीकडच्या याद्या जुळवते. डेटाबेसला वेगळा पासवर्ड नाही. "कर्नल सांगतोय ना हा कोण ते? मग!"

२०१६च्या जानेवारीत पोस्टग्रेस ९.५ आलं. टेबलातल्या एकेका ओळीवर पहारा बसवायची सोय त्यात होती. तोवर अण्णा व्ह्यूंची ठिगळं लावून भागवत होते. त्या आठवड्यात ऑफिसात पेढे आले. या पहाऱ्याची गंमत अशी, की वाचणाऱ्याला तो ‘नाही’ म्हणतच नाही. परवानगी नसलेली ओळ गुपचूप गळते. एकदा मीटिंगमध्ये नागपूरकर म्हणाले ग्राहक ४१२, कोल्हापूरकर म्हणाले ३०७. क्वेरी एकच, टेबल एकच, भांडण अर्धा तास. अण्णा शांतपणे भडंग खात होते.

"अण्णा, माझे ग्राहक उडाले हो!"

"उडाले नाहीत, मॅडम. तुम्हाला दिसत नाहीत."

"मग फरक काय?"

यावर अण्णा नुसते हसतात. फार गयावया केली तर ग्रुपात घालतात आणि म्हणतात, "लॉगआउट करून परत या." चालू सेशनला नवा ग्रुप कळत नाही हे खरंच आहे, पण अण्णा ते प्रिंटर बिघडला तरी सांगतात.

मार्चअखेरीला त्यांनी स्वतःलाच ऑडिटच्या ग्रुपात घातलं. ‘यूजरमॉड’ला ‘हायफन जी’ दिलं, सोबतचं ‘ए’ राहिलं. ते नसलं की मुख्य ग्रुप सोडून नवा तेवढा उरतो, बाकीचे जुने सगळे जातात. तरी चालू सेशनमध्ये निभावलं असतं. पण शिस्त ती शिस्त. अण्णा लॉगआउट करून परत आले. ‘सुडो’ म्हणाला, तुमचं नाव यादीत नाही, हा प्रकार कळवला जाईल.

कळवायचं रूटला. रूटची मेल येते अण्णांकडे.

ती आली. अण्णांनी मला बोलावून दाखवली. "बघ," चष्मा पुसत म्हणाले, "किती चोख चाललंय."