वळवाच्या वाऱ्यास कारणे दाखवा नोटीस

प्रति,
रा. रा. वळवाचा वारा,
मुक्काम सह्याद्रीची धार, मुरबाडच्या अंगाने.

विषय: गच्चीवरील डिश विनापरवानगी फिरवल्याबाबत.

महोदय,

बदलापूर पूर्वेतील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची कार्यकारिणी या जाहीर पत्राने आपणास कळवते की, एप्रिल-मेमध्ये दुपार कलली की आपण घाटाकडून काळं आभाळ घेऊन येता, आधी डोळ्यांत धूळ घालता, मग शेडचे पत्रे वाजवता आणि जाताजाता संस्थेच्या गच्चीवरल्या डिशांची तोंडं फिरवून जाता. पूर्वसूचना नाही, वॉचमनच्या वहीत नोंद नाही, ना हरकत दाखला तर नाहीच. आपल्या या वर्तनाच्या निषेधाचा ठराव वार्षिक सभेत एकमताने मंजूर झाला. पार्किंगचा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर असताना या संस्थेत एकमत झालं, यावरून प्रकरणाचं गांभीर्य आपल्या ध्यानात यावं.

संस्थेने आपल्या बाजूने काळजी घेण्यात कसूर ठेवलेली नाही. स्लॅबला ड्रिल मारल्यास वरच्या मजल्यावर गळती होते, म्हणून स्लॅबवर ड्रिलला मनाई आहे. त्यामुळे बहुतेक डिश कठड्याच्या विटांना लावल्या आहेत. बूड चार बोल्टचं असतं. फिटिंगवाल्या मुलाने तीन मारले, चौथ्याला प्लास्टर निखळलं, तिथे त्याने लाकडाची गिट्टी ठोकून वर सिमेंट लिंपलं. काम दिसायला सुबक झालं. सी विंगच्या एका सभासदाने रंगाचा वीस लिटरचा डबा सिमेंट-खडीने भरून त्यात पाइप रोवला. दुसऱ्याने कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी पाइपला बांधून तिचं दुसरं टोक पाण्याच्या टाकीच्या झाकणाला अडकवलं. पुढच्या दांडीवरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल टिपणाऱ्या डबीला, पावसापासून जपायला दुधाच्या पिशव्या घातल्या. एका दक्ष कुटुंबाने तर अख्ख्या डिशला ताडपत्री गुंडाळली होती. ती डिश आता शेजारच्या इमारतीच्या आवारात आहे आणि ताडपत्री कुठे आहे ते आपल्यालाच ठाऊक.

एवढं करूनही आपण ऐकत नाही, ते का, यावर बी विंगमधल्या एका सभासदाने लेखी टिपण दिलं आहे. हे गृहस्थ अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले असल्याने त्यांना प्रत्येक गोष्ट मोजायची खोड आहे. टिपण दप्तरी दाखल करण्यात आलं आहे. त्यातला काही मजकूर आपल्या माहितीसाठी देत आहोत. समिती त्याच्याशी सहमत असेलच असं नाही.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. साठ सेंटिमीटरच्या डिशवर ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून आला तर जोर चारेक किलोंचा. तोच ताशी १०० झाला की पंधरा किलोंच्या घरात. इमारतींच्या वाऱ्याच्या हिशेबासाठी भारतीय मानक ८७५ आहे. त्यात मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, हा मूळ वेग धरलेला आहे. त्या वेगाला हाच जोर पस्तीस किलोंच्या पुढे जातो. ताडपत्रीने वारा कमी होत नाही, त्याला धरायला कापड मात्र जास्त मिळतं. सिमेंटचा डबा पन्नासेक किलोंचा असला तरी त्याचं बूड जेमतेम फूटभर रुंद असतं. दोन फूट उंचीवर पंधरा किलोंचा जोर लागला की तो कलंडतो. वजन कमी नव्हतं, पसारा कमी होता. फरशीवर चौकोनी लोखंडी चौकट ठेवून तिच्या चार कोपऱ्यांवर सिमेंटचे ठोकळे ठेवले तर ड्रिलही नको आणि गळतीही नको.

हे सगळं कळल्यावर समितीने विचारलं, डिश पडली नाही, नुसती हलली, तर एवढं काय बिघडतं? त्यावर गृहस्थांनी फूटपट्टी काढली. डिशची वरची कड खालच्या कडेच्या मानाने एक सेंटिमीटर सरकली की तोंड एका अंशाने फिरतं. बदलापूरच्या गच्च्यांवरून डिश आग्नेयेकडे बघतात, कारण त्यांचे उपग्रह तिकडे विषुववृत्तावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहेत. दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. तेवढ्या लांबवर एक अंश म्हणजे सहाशे किलोमीटरहून अधिक. दोन अंशांत पडद्यावर चौकोन नाचू लागतात, तीन अंशांत ‘नो सिग्नल’. मग संध्याकाळी सातच्या मालिकेला कोणीतरी गच्चीवर पाइप धरून उभं राहतं आणि खालून आवाज येतो, ‘आलं आलं, गेलं, परत आण!’

आता आपल्या पक्षपाताबद्दल. बदलापूरहून सरळ पूर्वेला, घाटमाथ्यापलीकडे जुन्नर तालुक्यात खोडदजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश उघड्या माळावर उभ्या आहेत. त्यांना आपण हात लावत नाही आणि आमच्या दोन फुटी तबकड्यांवर शौर्य गाजवता, हे कसं? टिपणकर्त्यांच्या मते यात आपला दोष नाही. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांनी त्या डिश पत्र्याच्या केल्याच नाहीत. ताणलेल्या तारांवर पोलादी जाळी बसवली, वारा आरपार जाऊ दिला. जोराचं वारं सुटलं की निरीक्षण थांबवून डिशांची तोंडं थेट आभाळाकडे करून ठेवतात. घरच्या डिशला एवढी मोठी भोकं चालणार नाहीत; खोडदला येणाऱ्या लहरी वीतभर ते दोन-अडीच मीटर लांबीच्या, तर टीव्हीच्या जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या. पण वाऱ्यापुढे छाती काढायची नाही, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी आधीच ठरवलं होतं. आमच्या गच्चीवर ते वॉचमनवर सोपवलेलं आहे.

१३ मे २०२४ बद्दल मात्र समितीला विनोद सुचत नाही. त्या सोमवारी दुपारी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरला आपण झोडपलंत आणि त्याच दिवशी घाटकोपरला १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसं गेली. परवानगीची मर्यादा ४० बाय ४० होती. नंतर जमीन रेल्वे पोलिसांची, परवाना कोणाचा, तपासणी कोणाची, यावर कागद फिरत राहिले. चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून सुटलेली डिश खाली रस्त्यावर जाते, आणि तिचा चौथा बोल्ट सभासदाचा, कंपनीचा की संस्थेचा, हा प्रश्न आमच्याही दप्तरात आहे.

चक्रीवादळं आपल्यापेक्षा सभ्य, हेही इथे नमूद करावंसं वाटतं. ‘निसर्ग’ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्याआधी हवामान खात्याने पुरेसे इशारे दिले होते. ‘तौक्ते’ १७ मे २०२१ ला मुंबईच्या समुद्रातून गेलं, तेही वर्दी देऊन. अशा वेळी पाइप आणि क्लॅम्पवर मार्करने एक उभी रेघ मारावी, नट सोडावेत, डिश घरात आणावी. वादळानंतर रेघेला रेघ जुळवली की तोंड जवळपास जागेवर येतं. आपण अर्ध्या तासात येता, तेव्हा ही उसंत मिळत नाही. म्हणून टिपणकर्त्यांचा आग्रह असा की कामं मार्चमध्येच व्हावीत: विटांऐवजी काँक्रीटच्या खांबात अँकर फास्टनर, गंजलेले नट बदलून त्यांवर रेड ऑक्साईड, पाइपला तीन दिशांनी तारेचे ताण. केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर घ्यावी, म्हणजे पाणी झोळातून गळतं, सेट टॉप बॉक्समध्ये जात नाही. दुधाच्या पिशव्या काढाव्यात. पाणी आत साचलं की सिग्नल आणखी मरतो.

आणि गडगडू लागलं की कोणी वर जायचं नाही. वीज आणि गडगडाट यांत तीस सेकंद गेले तर वीज दहा किलोमीटरवर आहे, म्हणजे पुरेशी जवळ. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजा दाखवतं. बॉक्सचा प्लग आणि मागची केबल, दोन्ही काढून बसावं. ही सूचना समितीने तत्त्वतः मान्य केली आहे. अडचण एवढीच की त्या दिवशी आयपीएलचा सामना असतो.

तरी आपण सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. यापुढे येताना शक्यतो आग्नेयेकडून, म्हणजे डिशच्या तोंडावर, येऊ नये आणि ताशी ४० किलोमीटरचा वेग ओलांडू नये. टिपणातील कामांच्या खर्चाचा विषय संस्थेच्या पुढील सभेत घेण्यात येईल.

आपले,
कार्यकारिणी

प्रत माहितीसाठी: नैर्ऋत्य मोसमी वारे. मुंबईत त्यांच्या आगमनाची सरासरी तारीख ११ जून आहे आणि संस्थेची सभा जूनच्या शेवटच्या रविवारी, कोरम भरल्यास.