जिन्याखालच्या टीओडी मीटरला अनावृत पत्र

आकुर्डी, पुणे ३५

श्री. टीओडी मीटर यांस,
सा. न. वि. वि.

आपण आमच्या जिन्याखाली पदभार स्वीकारलात, अभिनंदन. जुन्या मीटरच्या निरोपाला कोणी आलं नाही, तसं आपल्या स्वागतालाही नाही. राग मानू नये. महाराष्ट्रात सत्तांतरं अशीच होतात. सकाळी टीव्ही लावल्यावर कळतात.

आपलं पाळण्यातलं नाव स्मार्ट प्रीपेड मीटर. आधी रिचार्ज, मग उजेड, हा आपला जाहीरनामा. लोकांनी ओरड केली, लोकसभेचा निकाल लागला आणि जून २०२४ मध्ये तत्कालीन ऊर्जामंत्र्यांनी जाहीर केलं की सर्वसामान्य ग्राहकांकडे असले मीटर बसणार नाहीत. आम्ही निर्धास्त झालो. विधानसभा आटोपली आणि आपण टीओडी (टाइम ऑफ डे) हे नाव घेऊन, पोस्टपेडचं उपरणं गळ्यात घालून पुन्हा दारात हजर!

पक्षांतरं आम्ही पुष्कळ पाहिली, पण इतकं सफाईदार नाही. प्रीपेड की पोस्टपेड, हे म्हणे आपल्या पोटातल्या सॉफ्टवेअरचं एक सेटिंग. ते लांबच्या सर्व्हरवरून बदलता येतं. वीज तोडायलाही लाईनमनला जिन्यापर्यंत यावं लागत नाही. आमदाराला पक्षांतरबंदी कायद्यातून सुटायला निदान दोन तृतीयांश सोबती गोळा करावे लागतात, गाड्या काढाव्या लागतात, हॉटेलं बुक करावी लागतात. आपलं काम एका क्लिकमध्ये.

सॉफ्टवेअर बांधणाऱ्यांनी पाळावा असा एक नियम आहे : लोकांचा हात रोज जिथे जातो, ते बटण त्यांना विचारल्याशिवाय हलवू नये. आमच्या राजकारणाने तो केव्हाच गुंडाळला. फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळ एका घरातून दुसऱ्या घरात गेलं. चिन्ह ओळखीचं, पण दाबलं की उघडणार काय ते कळेना. महापालिकेचं तर विचारूच नका. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासक; म्हणजे बटणच काढून टाकलं.

आपल्या आजोबांची मात्र आठवण येते. काचेमागे ॲल्युमिनियमची चकती, तिच्या कडेला एक खूण. गावाला निघताना घरातली सगळी बटणं बंद करायची आणि खाली येऊन पाहायचं. चकती थांबली तर कुलूप लावायचं. फिरत राहिली तर काहीतरी चालू राहिलंय किंवा कुठेतरी गळती आहे. निरक्षर आजीलाही कळायचं. माझ्या मते त्याहून चांगली रचना पुढे कोणाला सुचली नाही. आपल्या पडद्यावर तारीख येते, वेळ येते, व्होल्टेज येतं आणि युनिटचा आकडा दिसतोय म्हणून चष्मा सावरावा तोवर पुन्हा तारीख. मोबाईलची बॅटरी लावून जिन्याखाली वाकलेला ज्येष्ठ नागरिक आपण रोज पाहत असालच.

आता सवलतीबद्दल. जुलै २०२५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैसे कमी झाले. सूर्य तेव्हा तळपतो, सौर वीज मुबलक असते, हिशोब बरोबर आहे. पण त्या वेळात आकुर्डी घरी असते कुठे? फर्स्ट शिफ्टवाला कंपनीत, जनरलवाला चाकणच्या ट्रॅफिकमध्ये. घरी असतो तो थर्ड शिफ्ट करून आलेला, पंख्याखाली झोपलेला. त्याच्या पंख्याने काही पैसे वाचवले, हे मान्य. बाकी मिक्सर, गिझर, इस्त्री ही मंडळी सकाळी ९ च्या आत आणि संध्याकाळी ५ नंतरच राबतात. कारखान्यांना संध्याकाळी जादा दर लागतो, हे या पट्ट्यात कोणाला सांगायला नको. तो उद्या घरांनाही लावायचा झाला, तर तासातासाचा हिशोब आपल्यापाशी तयार आहेच.

बदलाला आमचा विरोध नाही. याच आकुर्डीत चेतक स्कूटर जन्मली. तीच चेतक २०२० मध्ये बॅटरीवर परत आली. नाव जुनं, आतली यंत्रणा नवी. पण पेट्रोलची टाकी नाही, हे कंपनीने बोंबलून सांगितलं. (ती आम्ही रात्री चार्ज करतो, म्हणजे सवलतीच्या बाहेर. असो.) आपलं नेमकं उलट झालं : नाव नवं, आतलं तेच.

तर विनंती एवढीच. आपल्या छातीवर ठळक मराठीत एक ओळ चिकटवून घ्या : सध्या पोस्टपेड. ती बदलायची असेल तर आधी ग्राहकाची लेखी संमती घ्या, सर्व्हरची नको.

कळावे,
आपला,
एक घरगुती ग्राहक

ता. क. : आमच्याकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी लाईट जाते. तीही ९ ते ५ मध्येच. त्या दिवशीची सवलत कोणाकडे मागायची, ते कळवावे.