जाऊबाई नापास, पखवाजी पहिला

मु. पो. धामापूर,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग

चि. फिटनेस बँडास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, मे महिन्यात आंबे-फणस खायला आलेला माझा मुलगा डोंबिवलीला परतताना तुला माझ्या मनगटावर बांधून गेला. चाकरमानी गावाहून सुकट, कोकम, काजू घेऊन जातात आणि बदल्यात काहीतरी ठेवून जातात. यंदा तू राहिलास. मी जन्मभर प्राथमिक शाळेत वर्ग सांभाळलेली बाई. नवीन मूल आलं की त्याला काय येतं नि काय येत नाही, हे पहिल्या चाचणीतच बघून घ्यायची सवय. तशी तुझीही चाचणी घेतली. निकाल चारचौघांत कळवते आहे, कारण माझा निकाल तूही रोज परस्पर डोंबिवलीच्या फोनवर कळवतोस. संध्याकाळ झाली की फोन येतो, "आई, आज पावलं कमी पडली." सासूनेसुद्धा मला असं कधी मोजलं नव्हतं.

पहिली चाचणी लावणीची. तुला जाऊबाईच्या हातात घातलं, कारण लावणीत तिच्यासारखा हात वाडीत दुसरा नाही. सकाळी तिने तरवा काढला, मुठी बांधल्या, भारा डोक्यावरून कुणग्यात नेला आणि मग दिवस मावळेपर्यंत कमरेत वाकून, एकेक पाऊल मागे सरत चिखलात रोपं खोवली. पाठीवर प्लास्टिक, वरून पाऊस. अकराच्या सुमारास तू थरथरलास. तिने चिखलाचा हात झटकला. "ह्यां कित्याक थरथरता गो?" मी चष्म्यावरचं पाणी पुसून वाचलं: बराच वेळ बसून आहात, उठा, थोडं चाला. हे ऐकल्यावर ती जे बोलली ते खुल्या पत्रात लिहिता येत नाही. मालवणी शिवीत माया असते असं बाहेरची माणसं म्हणतात. त्या शिवीत नव्हती. संध्याकाळी तुझा आकडा पाहिला. तुझ्या हिशेबाने बाईने दिवस जवळजवळ आरामात काढला होता.

तुझी बाजूही ऐकून घेतली. तुझ्या पोटात एक इवलासा प्रवेगमापक असतो. मनगट तिन्ही दिशांना कसं नि किती हललं ते तो टिपतो, आणि त्या हलण्यात चालणाऱ्या माणसाच्या हाताचा झोका सापडला की पाऊल जमा करतो. पायाशी तुझा संबंधच नाही. डोक्यावर भारा आणि तो सावरायला वर गेलेला हात, म्हणजे झोका गेला, नि झोक्याबरोबर पावलंही गेली. शहरात मॉलमधली ढकलगाडी धरून चालणाऱ्यांची पावलंही तू अशीच गिळतोस म्हणतात, पण ते बिस्किटं नेत असतात. इथे शेणखताच्या पाट्या, गवताचे भारे, जळण, पाण्याच्या कळश्या, जे जे जड ते सगळं डोक्यावरून जातं आणि नेणारी बहुधा बाईच असते. ओझं जितकं मोठं तितका तिचा आकडा लहान. हे गणित मला नवीन नाही. जनगणनेच्या ड्यूटीवर दारोदार फिरताना "ती काय करत नाही, घरीच असते" असं सांगणारे नवरे मी भरपूर ऐकले आहेत, आणि तेव्हा त्यांच्या मागे परसात ती लाकडं फोडत असायची. फरक एवढाच की ते नवरे मनगटाला बांधून घ्यावे लागत नव्हते.

दुसरी चाचणी भजनाची. गणपतीत वाडीत डबलबारी झाली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: दोन बुवा, दोन बाऱ्या, एकमेकांना सवाल, आणि पहाटेपर्यंत कोणी मागे हटत नाही. तुला पखवाजीच्या मनगटावर चढवलं. तो मांडी घालून बसला तो चहालाही उठला नाही. गजर चढत गेला तसा तूही चढलास, आणि मध्यरात्र उलटल्यावर तुझ्या काचेवर फटाके उडाले. अभिनंदन, दहा हजार पावलं! आमच्या बुवांनी तेवढ्यावर जागच्या जागी टोमणा रचला की आमचा पखवाजी बसल्या बसल्या कुडाळला पोचला, तुमचा अजून ताल शोधतोय. समोरच्या बारीला उत्तर सुचलं नाही. त्या रात्रीचं श्रेय तुला द्यायलाच हवं.

तिसऱ्या चाचणीला मी स्वतः बसले. म्हणजे खरोखरच बसले, कुडाळच्या एसटीत, खिडकीशी, पिशवी मांडीवर घेऊन. पावसाळा संपल्यानंतरचा रस्ता होता. उतरले तेव्हा मी बरीच चालले होते.

आता तो दहा हजारांचा आकडा. मला वाटायचं, कोण्या मोठ्या डॉक्टराने माणसं तपासून तो काढला असेल. तसं काही नाही. 1964 मध्ये टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानात व्यायामाचं वारं आलं, आणि 1965 मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला अडकवायचं पाऊलमापक विकायला काढून त्याच्या नावातच दहा हजार पावलं घातली. आकडा गोल, लक्षात राहणारा, जाहिरातीला सोयीचा. तोच वारशाने तुझ्याकडे आला. पुढे 2019 मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 16,000 हून अधिक बायकांची पावलं मोजली. सरासरी वय 72, म्हणजे माझ्याच वर्गातल्या. दिवसाला 2,700 च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढेना. यंत्र त्यांनी कमरेला बांधलं होतं, मनगटाला नव्हे, ही गोष्ट मी अधोरेखित करते. हे सगळं मुलाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बरोबर आहे आई, पण टार्गेट दहा हजारच आहे ना." शाळेत गणितात हुशार होता.

नाडीत मात्र तू बरा आहेस. तुझा हिरवा दिवा कातडीवर पडतो, रक्त तो प्रकाश शोषतं, ठोक्यागणिक मनगटात रक्त वाढलं की परत येणारा उजेड घटतो, आणि त्यावरून तू ठोके काढतोस. 2017 मध्ये स्टॅनफर्डला 60 जणांच्या मनगटांवर तुझ्या सात भावंडांची परीक्षा झाली, तेव्हा सहा जणांची नाडीतली चूक 5 टक्क्यांच्या आत राहिली. पण कॅलरी! सगळ्यांत हुशार भावंडाची चूक सरासरी 27 टक्के, सगळ्यांत ढ असलेल्याची 93. मालवणच्या बाजारात एखाद्या मासेवालीने किलोमागे एवढं माप मारलं असतं तर तिची टोपली रस्त्यावर आली असती. तू मारलंस की ॲप त्याचा रंगीत आलेख काढतं.

झोपेचं बोलायलाच नको. दशावतार बघून पहाटे घरी आले, तर सकाळी तू मला दिलेले मार्क मी कधी उनाड पोरांनाही दिले नव्हते. संकासुराने हसवून पोट दुखवलं होतं, त्याचा रकाना तुझ्याकडे नाही.

धामापूरला माणसं येतात ती तळं बघायला. दोन डोंगर मातीच्या बांधाने जोडून 1530 मध्ये विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी ते बांधवलं. काठावर भगवतीचं देऊळ. 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने या तळ्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला, तेव्हा वर्तमानपत्रांत नागेश देसायांचं नाव आलं, आणि ते यायलाच हवं. बांधाची माती मात्र डोक्यावरच्या पाट्यांतून आली असणार. त्या पाट्या कोणी वाहिल्या याची नोंद कुठे नाही. तू तेव्हा असतास तरी झाली नसती. हात वर होते.

याच तळ्याची एक गोष्ट इथलं प्रत्येक मूल ऐकतं. लग्नकार्याला अंगावर घालायला काही नसेल, तर फुलांचे दागिने करून परडी तळ्यात सोडायची. ती सोन्याचे दागिने घेऊन वर यायची. कार्य उरकलं की दागिने तळ्याला परत. एकाने ते ठेवून घेतले आणि तळ्याने देणं बंद केलं. तुझा कारभार याच्या उलट. परडी आमची, दागिनेही आमचेच: ठोके, झोप, कुठे गेलो, किती वाजता परतलो. ती तुझ्या तळ्यात गेली की वर येतात ते फटाके. तुझ्या धंद्यात या मालाला काय भाव आहे तेही वाचलं. फिटबिट कंपनी 2.1 अब्ज डॉलरला घेत असल्याचं गुगलने 2019 च्या नोव्हेंबरात जाहीर केलं. युरोपातल्या लोकांची आरोग्याची माहिती 10 वर्षं जाहिरातींसाठी वापरायची नाही, अशी अट युरोपीय आयोगाने घातली, तेव्हा कुठे 2021 च्या जानेवारीत सौदा पुरा झाला. तू त्या घराण्यातला नाहीस, पण व्यवसाय एकच. आणि धामापूर युरोपात येत नाही, एवढं भूगोल शिकवलेली बाई म्हणून मी खात्रीने सांगू शकते.

तेव्हा निकाल असा: नाडीत पास, बाकीच्या विषयांत पुन्हा बसावं. तू वाईट नाहीस, चुकीच्या वर्गात आला आहेस. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माझ्या मुलाला "ऊठ" म्हणायला कोणीतरी हवंच आहे. सून म्हणून म्हणून थकली. पण त्याने स्वतःचा बँड चार्जिंगला लावून ठेवला आहे आणि माझा तपासत बसतो.

सध्या तुझा मुक्काम पखवाजीकडे हलवला आहे. जत्रांचा हंगाम आहे, बाऱ्या रोज कुठे ना कुठे लागतात, त्यामुळे डोंबिवलीत आनंदीआनंद आहे. "आई, काय चालतेस गं हल्ली!" शेजारच्यांनाही दाखवतो म्हणे. मी काही बोलत नाही. परवा मात्र सकाळी सहालाच घाबरा फोन. रात्री दोनला तुझे ठोके एवढे कसे? म्हटलं, गजर होता.

कळावे,
तुझी,
बाई

ता. क. पखवाजी विचारतो आहे, झांजवाल्यासाठी आणखी एक मिळेल का.