भोक कुणाकडे घ्यायचं?

लग्नाची डीव्हीडी करून देणाऱ्या दुकानात 'शूटिंग किती तासांचं?' हा प्रश्न आमच्या आदिलाबादेत सगळ्यात शेवटी यायचा. त्याआधीचा प्रश्न, 'वर फोटो छापून मिळेल ना?'

मिळायचा. पण डीव्हीडी १२ सेंटिमीटरची, मधोमध १५ मिलिमीटरचं भोक, आणि साध्या प्रिंटेबल डिस्कवर भोकाभोवतीचा बराच भाग कोराच राहायचा. जोडी गालाला गाल लावून उभी असली की दोघांचेही अर्धे चेहरे गायब. मग दुकानदार नवऱ्याला एका काठाला सरकवायचा, नवरीला दुसऱ्या. नुकती सप्तपदी झालेली माणसं, आणि मध्ये ही दरी! अशा वेळी भोक मुलीकडच्या बाजूला घ्या, असं सुचवणाऱ्या वरमाया मी पाहिल्या आहेत.

नावांचा पेच वेगळाच. किनवट १९५६ साली या जिल्ह्यातून नांदेडात गेलं, सोयरिकी थोड्याच गेल्या? मुलगी किनवटची, मुलगा इथला, शेजार तेलुगू. म्हणून नावं मराठीत, तेलुगूत आणि उठून दिसावं म्हणून इंग्रजीतही. त्यात 'चि. सौ. कां.' एवढं लांब की नवरीच्या नावाला जागा उरू नये.

'स्टिकर चिकटवला तर?' डिस्क वेगाने फिरते. स्टिकर जरा एकीकडे कलला तरी थरथरते. इंकजेटचा फोटो बरा, फक्त ओला हात लावू नये. नवरदेवाची मिशी गालावर पसरते. सीडीची गंमत तर उलटीच. सगळे खालच्या चकचकीत बाजूला जपतात, पण तिथे जाड प्लॅस्टिकचं संरक्षण असतं. नोंदीचा थर वरच्या छापील बाजूला, जेमतेम लॅकरच्या पातळ लेपाखाली. त्यावर बॉलपेनने 'मंगलाष्टके' लिहिलं की मंगलाष्टकांनाच धोका. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती बॉलपेन जरा जास्त सोसते.

डिस्क बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने सिनेमाच्या व्हीसीडी २८ रुपयांना विकून बाजार हलवला होता. तीच किंमत ऐकवून कुणी लग्नाच्या डीव्हीडीचा भाव पाडायला जाई, आणि त्याच दमात मखमलीचा डबा मागे. कागदी पाकीट दाखवलं तर, 'आमच्याकडे काय कमी आहे?'

आता लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नसते. शूटिंग नखाएवढ्या पेनड्राइव्हवर येतं. डबा मात्र अजून नारळ मावेल एवढाच लागतो.