गुपित तुमचं, कुलूप त्यांचं

नगरच्या सुप्यात (बारामतीकडचं नव्हे) कुणाला मनातलं सांगायची सोय नाही. सकाळी टपरीवर बोललेलं दुपारच्या शिफ्टला एमआयडीसीच्या गेटवर पोचलेलं असतं. म्हणून पोरांनी आता मोबाइलमधला एआय धरलाय. तो भावकीतला नाही, पाहुण्यारावळ्यातला नाही, आणि रात्री दोनला उठवला तरी जांभई देत नाही. मग काय, आईच्या रक्ताचा रिपोर्ट फोटो काढून टाक, वरच्या नाव-वय-मोबाइल नंबरासकट. पतसंस्थेची नोटीस टाक, खातेक्रमांक न झाकता. बायको माहेरी का जाऊन बसली, तेही माइक दाबून सांगून मोकळं हो.

टपरीचं एक बरं होतं. उद्या अंगाशी आलं तर ‘मी असं बोललोच नाही’ म्हणून हात झटकता यायचे. इथे शब्द न् शब्द तारखेनिशी नोंदलेला. चॅटजीपीटीवाले सॅम ऑल्टमन यांनीच जुलै २०२५ मध्ये एका मुलाखतीत सांगून टाकलं, की वकिलाला सांगितलेल्या गोष्टीला कायद्याचं जे कवच असतं, ते इथे नाही. खटल्यात मागितलं तर द्यावं लागेल. दुकानदारच म्हणतोय माल कच्चा आहे, आणि गिऱ्हाईक म्हणतंय, बांधा दोन किलो.

आपल्याकडे कायदा आहे की! २०२३ चा, डेटा संरक्षणाचा. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. कंपन्यांनी आपली संमती नीट घ्यावी, सांगितल्यावर माहिती पुसावी, ही कलमं त्यानंतर दीड वर्षाने लागू. लगेच लागू काय झालं? याच कायद्याने केलेली माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मधली दुरुस्ती. व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही द्यावी, हे शब्द त्या कलमातून गेले. (८(२) मध्ये जनहित शिल्लक आहे, असं सरकार सांगतं. असेलही.) सुप्याशेजारच्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे माहितीच्या याच हक्कासाठी २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले होते.

आता माहितीचा अर्ज एआयकडूनच लिहून घ्या. कलमांसकट, झकास लिहून देतो. उत्तर एका ओळीचं येईल: ‘माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ मग अपिलात काय लिहायचं, तेही त्यालाच विचारा. सोबत आधार कार्डाचा फोटो जोडायला विसरू नका.